तळाला टेकलेली रेघ

‘सात’च्या आधी ‘फक्त’ लिहिलं म्हणून बाईंनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात खुर्चीवरून उठवलं होतं.

परळमधल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात आमचा रेकॉर्ड विभाग होता; तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून. मी नवा होतो, पण वयाने नव्हतो. चाळिशी ओलांडल्यावर आधीची कंपनी बंद पडली आणि एक्सेल बरं येतं एवढ्या भांडवलावर मला इथे घेतलं गेलं. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं होतं, ‘जळीत कक्षात या महिन्यात फक्त सात रुग्ण दाखल झाले.’ बाईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “ऊठ.”

“काय झालं बाई?”

“वर जा, तिसऱ्या मजल्यावर. सातांच्या घरचे बाहेर बाकड्यावर बसलेत. त्यांना विचारून ये, फक्त म्हणू का म्हणून.”

मला वाटलं, थट्टा आहे. पण त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. मी जिन्यापर्यंत गेलो, कठड्याला हात लावला आणि परत येऊन शब्द खोडला.

“गेलास वर?”

“नाही बाई.”

“पण कळलं. बस मग.”

‘फक्त’, ‘केवळ’ आणि ‘तब्बल’ हे तीन शब्द आमच्या विभागात चालत नसत. आकड्याला आधीच विशेषण लावून पाठवणारा माणूस वाचणाऱ्याचं डोकं आपल्या खिशात घालू बघतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. हेही सांगून टाकतो की, सुरुवातीचं वर्षभर मी त्यांना घाबरलो कमी आणि वैतागलो जास्त.

त्यांना सगळं इस्पितळ ‘बाई’च म्हणे, अगदी अधिष्ठातासुद्धा. इथे येण्याआधी त्या रात्रशाळेत गणित शिकवायच्या. कोणी ‘मॅडम’ म्हणून हाक मारली की मागे वळून बघायच्या, दुसरं कोणी आलं की काय म्हणून. राहायच्या घोडपदेवला, जन्मल्या त्याच चाळीत. वडील गिरणीत होते. रविवारी सकाळी त्या चाळीजवळच्या बुद्धविहारात दहावीच्या मुलांना गणित शिकवत आणि सोमवारी आम्हाला त्या मुलांच्या चुका अशा रंगवून सांगत, की त्या चुका आपणच केल्यात असं वाटावं. ठेंगणा बांधा, सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज मात्र मैदानभर पोचणारा. फोनवर बोलणं संपलं की ‘ठेवते’ न म्हणता ठेवून द्यायच्या. काम झालं, आता काय आरती करायची?

कोणताही ग्राफ काढण्याआधी आकडे मोठ्याने वाचायचे, हा त्यांचा नियम होता. वर्गात हजेरी घेतात तसे. मी वाचायचो, त्या डोळे मिटून ऐकायच्या. “ओपीडी, जून. ओपीडी, जुलै.” मध्येच डोळे उघडायचे. “थांब. परत म्हण.” आणि खरोखर तिथे एक शून्य जास्त पडलेलं असायचं. डोळ्याला शून्यांची सवय होते, जिभेला होत नाही, असं त्या म्हणत. शेजारच्या एक्स-रेच्या रांगेतले लोक दारातून डोकावून आमची ही हजेरी बघत. मला लाज वाटायची. बाईंना कशाचीच वाटत नसे.

स्नेहसंमेलनाच्या फोटोच्या दिवशी त्यांनी काय केलं, तेही सांगतो. डॉक्टर मंडळी नेहमीप्रमाणे मध्यभागी उभी राहिली आणि आया-वॉर्डबॉय मागच्या मागे बुडाले. बाई फोटोग्राफरच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “उंच असतील त्यांनी खाली बसा.” हाडांचे सर्जन सहा फुटांच्या वर होते. ते इकडेतिकडे बघू लागले. “तुम्हीच डॉक्टर, तुम्हालाच म्हणतेय. तुम्ही उभे राहिलात की मागच्या सहा जणांचा फोटो तुमच्या पाठीचा येतो.” सर्जन हसत हसत सतरंजीवर मांडी घालून बसले. तो फोटो अजून जिन्याच्या भिंतीवर आहे. त्यात सगळ्यांचे चेहरे दिसतात.

जेवणातही तसंच. मी डब्यात आणलेली झणझणीत सुकटीची चटणी आमटीच्या वाटीत वाढली तर त्यांनी हात धरला. “डबीत ठेव रे. वाटीत चमचाभर दिसते म्हणून माणूस कमी समजतो, आणि मग बोंबलत पाणी पितो.”

हे सगळे नमुने एकाच गोष्टीचे होते, हे मला फार उशिरा कळलं. कळलं ते ग्राफमुळे.

आमच्या धंद्यातली रोजची अडचण अशी, की इस्पितळाचे आकडे एका मापाचे नसतात. ओपीडीत महिन्याला हजारोंनी माणसं येतात. शस्त्रक्रिया शेकड्यांत होतात. आणि ‘घरभेट’ नावाची एक सेवा होती, तिचा आकडा चाळिशीच्या आसपास. लालबाग, घोडपदेव, काळाचौकीच्या ज्या चाळींना लिफ्ट नाही, तिथल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे दोन सिस्टर जिने चढून जात. ही सेवा बाईंनीच भांडून सुरू करायला लावली होती. हे तिन्ही आकडे एका ग्राफमध्ये घातले की एक्सेल बिचारं सगळ्यात मोठ्या आकड्याला पुरेल एवढी पट्टी आखतं. मग ओपीडीची रेघ ऐटीत वर चालते आणि घरभेटीची रेघ तळाला टेकून पडते. तिच्यात काय चढउतार आहेत, ते देवालाही दिसू नये.

त्या चाळिसांत माझी आई होती.

लालबागला चौथ्या मजल्यावर आमची खोली. अर्धांगवायूनंतर आई उठू शकत नव्हती आणि तिला लिफ्ट असलेल्या घरात मी नेऊ शकत नव्हतो. आठवड्यातून एकदा सिस्टर यायची, पडून पडून पाठीला झालेल्या जखमेचं ड्रेसिंग करायची. आई तिला बघताच आधी म्हणायची, “त्या चेडवाक चाय दी रे,” मग कुशीवर व्हायची. मी दाराशी उभा राहून स्वतःला दोष देत बसायचो. हा माझा जुना स्वभाव आहे. कुठे काही बिघडलं की ते माझ्यामुळे, असं मला आधी वाटतं आणि चौकशी मी नंतर करतो.

एकदा एक अहवाल उशिरा गेला म्हणून मी बाईंची दिवसभर माफी मागत होतो. संध्याकाळी त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान पालथं घातलं, दोन अक्ष काढले आणि एक रेघ थेट छतापर्यंत ओढली.

“हे काय आहे बाई?”

“तुझा अपराध.”

“पण उभ्या अक्षावर आकडे कुठायत?”

“नाहीत. म्हणून तर एवढी उंच दिसतेय. आकडे घाल, मग बघू केवढी आहे ते.” आणि पान चुरगाळून टोपलीत टाकलं. मला हसू आलं, आणि आईच्या आजारपणानंतर मी पहिल्यांदाच हसतोय हेही लक्षात आलं. अर्थात त्याचंही थोडं वाईट वाटलं.

तर, विश्वस्तांची बैठक. बाई पुतणीच्या लग्नाला नाशिकला गेल्या होत्या आणि वर्षाचा ग्राफ मी घाईत केला होता, तिन्ही रेघा एकत्र. अध्यक्ष वयस्कर, तल्लख आणि जरा उतावळे. पडद्याकडे बघून म्हणाले, “बाकी ठीक आहे हो, पण खालचा अक्ष एवढा जाड आणि हिरवा कशाला केलात?”

“साहेब, तो अक्ष नाही. ती घरभेटीची रेघ आहे.”

दोघेतिघे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. “रेघ आणि अक्ष यांत फरक दिसत नसेल, तर ही सेवा आपण कशासाठी चालवतो, याचा विचार करावा लागेल.” घरभेट बंद करायची का, हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं.

घरी गेल्यावर आईला काही बोललो नाही.

पुढच्या बैठकीसाठी मी काय केलं, ते कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. लहान आकड्याला उजवीकडे स्वतंत्र अक्ष देता येतो, हे बाईंनीच मला शिकवलं होतं. रेघेवर उजवं बटण, ‘सेकंडरी ॲक्सिस’, झालं. डावीकडे ओपीडीचे हजार, उजवीकडे घरभेटीचे दहा-वीस-तीस. तळाला पडलेली रेघ एका क्लिकसरशी उठून उभी राहिली. एवढंच नाही, तर दिवाळीच्या महिन्यात ओपीडीची रेघ उतरली आणि घरभेटीची तिला छेदून तिच्या वर राहिली. काय देखणं दिसत होतं! बाईंनी शिकवताना एक अट घातली होती: दोन वेगळ्या अक्षांवरच्या रेघा एकमेकींना छेदत असतील तर तो ग्राफ टाकून द्यायचा. अट मला आठवत होती. म्हणूनच मी त्यांना ग्राफ आधी दाखवला नाही.

बैठकीत पडदा उजळला आणि अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले.

“वा! म्हणजे दिवाळीत घरभेटीने ओपीडीला मागे टाकलं?”

मी मान हलवली. होकारार्थी की कशी, ते माझं मलाच कळलं नाही.

“मग बंद कशाला करायची? अहो, यांना एक गाडी द्या.”

“साहेब, तसं काही झालेलं नाही.” बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. “दिवाळीत ओपीडीत हजारो माणसं आली आणि घरभेटीत चाळीस. चाळीस माणसं हजारोंना मागे कशी टाकतील?”

“पण इथे दिसतंय ना.”

“दिसतंय. थांबा, दाखवते.” त्या माझ्या शेजारी आल्या, माझा हात माऊसवरून बाजूला केला. “उजव्या अक्षाचं टोक साठवर आहे. मी ते सहाशे करते.” घरभेटीची रेघ धपकन तळाला गेली. “आता पन्नास करते.” रेघ उसळली. “बघा, ओलांडण्याचा मुहूर्त आता गणपतीत आला. तुम्हाला कुठला महिना हवाय सांगा, त्या महिन्यात ओलांडून देते.”

कोणीतरी खाकरलं. माझे कान तापले होते. आईची आठवड्याची सिस्टर माझ्या डोळ्यांसमोर जिना उतरून चालली होती आणि तिला बाईच हात धरून खाली नेत होत्या.

“मग खरं काय ते दाखवा,” अध्यक्ष म्हणाले. आवाज कोरडा झाला होता.

“दोन मिनिटं द्या.”

सगळे बघत असताना बाईंनी ग्राफ पुसला आणि तीन छोटे ग्राफ केले. एकाखाली एक, रुंदीने सारखे, प्रत्येकाची डावीकडची पट्टी वेगळी आणि शून्यापासून सुरू होणारी. तिन्हींचे महिने बरोबर एकाखाली एक येतील असे जुळवले. एक्सेलला ते आपणहून येत नाही, हाताने सरकवावं लागतं. त्या जीभ दातांत धरून सरकवत होत्या.

“ही चाळ आहे असं समजा. प्रत्येकाला आपली खोली, पण जिना सगळ्यांचा एक. जिना म्हणजे हे महिने. दिवाळीत वरच्या मजल्यावर काय झालं, खालच्या मजल्यावर काय झालं, ते सरळ उतरत बघा. पण एका खोलीतलं पातेलं दुसऱ्या खोलीच्या मापाने मोजू नका.”

एक तरुण विश्वस्त म्हणाले, “लॉग स्केल नसता का चालला? सगळं एकाच ग्राफमध्ये मावलं असतं.”

“तुम्हाला चालला असता. दहा, शंभर आणि हजार सारख्या अंतरावर बघून ज्याला गरगरतं, त्याला पाणी द्यावं, ग्राफ देऊ नये.” अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्यांनाच गरगरलं असतं, हे त्यांनाही माहीत असावं.

आता घरभेटीची रेघ स्वतःच्या खोलीत नीट दिसत होती. एप्रिलपासून चढत गेलेली आणि सप्टेंबरनंतर सपाट.

“इथे थांबली,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे गरज संपली.”

“गरज नाही थांबलेली. सिस्टर दोन आहेत. एवढ्या घरांच्या वर त्यांना जिने चढता येत नाहीत. ही रेघ त्यांच्या गुडघ्यांपाशी थांबलीये.”

“तिसरी सिस्टर दिली, तर वर जाईल?”

“माहीत नाही.”

मी डोळे मिटले. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एवढंसं.

“माहीत नाही म्हणायला तुम्हाला बोलावतो का आम्ही?”

“हो साहेब. ज्याला माहीत आहे असं वाटतं, त्याचा ग्राफ तुम्ही आत्ताच पाहिलात.”

गाडी मिळाली नाही. सेवाही बंद झाली नाही. तिसरी सिस्टर मिळाली, सहा महिन्यांसाठी, करून बघायला. खाली उतरताना मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, “देखणा दिसत होता म्हणून ठेवलास ना?”

“हो.”

“आणि आईसाठी.”

“हो.”

“चल, चहा घेऊ. आता माफी मागत बसलास तर बिल तुला भरायला लावीन.”

त्यानंतर दोन महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात कोणीतरी ‘तब्बल तीस वर्षं’ म्हणालं, तर व्यासपीठावरूनच त्यांनी बोट दाखवलं. बोलणाऱ्याने शब्द गिळला.

त्यांच्या जागेवर मी आलो. सहा महिने संपत आले तेव्हा आकडे मांडले. घरांची रेघ सपाटच होती. तिसरी सिस्टर येऊनही एकही घर वाढलं नव्हतं. वरिष्ठ सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, “नवीन घरं कशी घेणार? ज्यांना बेडसोर झालेत त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जायला हवं होतं. आधी ते केलं.” ते खरंच होतं. आमच्याकडेही ती दोनदा येऊ लागली होती. आईला त्याचा राग आला होता. “दोनदा? माका काय झालाहा असा?” म्हणून तिने मला झापलं होतं, आणि चौथ्या महिन्याअखेर तिची जखम भरली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी बाईंना फोन केला. मागून मुलांचा गलका ऐकू येत होता.

“आकडे मोठ्याने वाचलेस?”

“वाचले.”

“मग माझं काय काम?”

“बाई, त्यात आई आहे. घरांत पण आहे आणि जखमांत पण. मी सिस्टर कायम करा म्हणणार, आणि मला सारखं वाटतंय की हे सगळं मी स्वतःच्या घरासाठीच...”

“आईला काढून बघ.”

“म्हणजे?”

“तिचा आकडा वजा कर आणि परत बघ. चित्र कोसळलं तर गप्प बस. उभं राहिलं तर उद्या सगळ्यांदेखत काढून दाखव. ए, तो कंपास खाली ठेव!” हे मला नव्हतं. फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी पडद्यावर दोन ग्राफ लावले, एकाखाली एक. वर घरं, खाली बेडसोर असलेले रुग्ण.

“सपाट आहे, साहेब,” अध्यक्षांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो. “तिसरी सिस्टर आली, पण एकही घर वाढलेलं नाही.”

“मागच्या वेळची ती ओलांडणारी रेघ बरी होती की हो,” ते म्हणाले. बाकीचे हसले. मीही हसलो. “मग सहा महिने ही सिस्टर करत काय होती?”

“खालचा ग्राफ बघा. त्याच घरांत दोनदा जात होती. जखमा भरत गेल्या.” खालची रेघ महिन्यामागून महिना उतरत होती. “पण आणखी एक सांगायचं राहिलंय. यात माझी आई आहे. पहिले चार महिने या जखमांत एक तिची होती. तुम्हाला वाटू शकतं, मी घरचं काम इथे मांडतोय. म्हणून तिला काढतो.”

मी दोन्ही कॉलमांतून एकेक वजा केला. खालची रेघ सुरुवातीला एका रुग्णाने खाली आली. उतार थोडा कमी झाला, पण राहिला.

अध्यक्षांनी पडद्यावरच्या रेघेमागोमाग हवेत बोट फिरवलं.

“उतार आहेच की.”

“आहे.”

“मग सिस्टरला कायम करू या. लिहून घ्या.” चिटणीस लिहू लागले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आणि आईंना बाहेर काय ठेवलंय? घ्या त्यांना आत.”

मी आकडे होते तसे केले. रेघ पहिल्या चार महिन्यांत जराशी वर सरकली. एकच माणूस वाढलं होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसलं.